निवेदनाखालचा ठेका : एक प्रस्तावना

"काहीतरी अपबीट द्या. पॉझिटिव्ह, फ्रेश. पण फार धांगडधिंगा नको, आमचे एमडी साठीचे आहेत. आणि हो, निवेदन ऐकू आलं पाहिजे." जाहिराती, कंपनीची ओळख करून देणाऱ्या फिल्म, प्रशिक्षणाचे व्हिडिओ असली कामं करणाऱ्या कुणालाही ही फर्माईश तोंडपाठ असेल. फर्माईशीत वावगं काही नाही. घोळ होतो तो पुढे. एडिटर एखाद्या म्युझिक लायब्ररीच्या वेबसाइटवर जातो, 'कॉर्पोरेट', 'अपबीट', 'इन्स्पायरिंग' हे शब्द टाकतो. समोर हजारो ट्रॅक येतात. पहिल्या पानावरचे सात-आठ तो दहा-दहा सेकंद ऐकतो आणि जो चटकन कानात भरेल तो टाइमलाइनवर ओढतो. स्क्रिप्टच्या मसुद्यांवर आठवडेच्या आठवडे घातलेले असतात, लोगोचा निळा रंग किती निळा यावर बैठका झालेल्या असतात, आणि संगीत ठरतं दहा मिनिटांत. तेही 'उद्या सकाळी दाखवायचं आहे' या घाईत, रात्री उशिरा.

हे पुस्तक त्या दहा मिनिटांबद्दल आहे. ते संगीतकारांसाठी कमी आणि संगीत निवडणाऱ्यांसाठी जास्त आहे: एडिटर, निर्माते, एजन्सीतली मंडळी, कंपन्यांच्या कम्युनिकेशन विभागातले लोक. यातल्या बऱ्याच जणांना 'आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही' असं वाटतं आणि त्या सबबीवर ते निर्णय दुसऱ्यावर ढकलतात. इथे लागणारी पारख गाण्यातली नव्हेच. यमन कळण्याची गरज नाही. निवेदकाचा 'श' ऐकू येतोय की नाही हे कळलं तरी अर्धं काम झालं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पार्श्वसंगीत एकटं ऐकून पारखता येत नाही. एकटं ऐकताना जो ट्रॅक भारी वाटतो तो निवेदनाखाली गेला की बहुधा अडचण करतो. आणि एकटं ऐकताना जरा रिकामा, कुणी गायला यायचं राहिलंय असा वाटणारा ट्रॅक तिथे नेमका बसतो. लायब्ररीतले नमुने मात्र आपण एकटेच ऐकतो, हेडफोन लावून, आणि ते विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पहिल्या दहा सेकंदांतच सगळा दारूगोळा उडवतो.

ऐकण्यासाठी नसलेलं संगीत ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने तिला 'फर्निचर संगीत' म्हटलं होतं. 1920 साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्याने असं संगीत वाजवायला लावलं. लोकांनी उठावं, फिरावं, गप्पा माराव्यात, संगीत खोलीतल्या खुर्चीसारखं नुसतं असावं, असा बेत होता. वाद्यं सुरू होताच प्रेक्षक मुकाट्याने ऐकायला बसले, आणि साती त्यांच्यात फिरून 'बोला, बोला, ऐकू नका' म्हणून विनवत राहिला. त्याचा प्रयोग फसला, पण प्रश्न त्याने बरोबर ओळखला होता: संगीत असावं, लक्ष दुसरीकडे राहावं, आणि तरी त्याचा परिणाम व्हावा.

धंदा म्हणून हे त्याच्याही आधी सुरू झालं होतं. लंडनमध्ये मेयर डी वुल्फ याने 1909 साली मूकपटांसोबत वाजवायच्या संगीताची लायब्ररी काढली. पाठलाग, वादळ, विरह, आनंद असे प्रसंग पाहून त्या-त्या प्रकारच्या चिजा चित्रपटगृहातल्या वादकांना द्यायच्या. आजच्या वेबसाइटवरची 'मूड'ची यादी ही त्याच लायब्ररीची नात. पुढे दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने 1940च्या जूनमध्ये कारखान्यांतल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. युद्धसामग्रीचं उत्पादन वाढावं, कंटाळा कमी व्हावा हा उद्देश. त्या मंडळींनी पारखेचे नियम फार विचार करून केले होते. लय सलग हवी, मधेच मंद व्हायला नको, यंत्रांच्या आवाजात विरून जाईल इतकं नाजूक काही नको. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे त्या काळचं लोकप्रिय गाणं कामाच्या वेळेत वाजवायला त्यांनी बंदी केली. कारण त्यात टाळ्यांच्या जागा होत्या, आणि कामगार हातातली अवजारं आपटून त्या जागा भरायचे. संगीत चांगलं होतं, लोकांना आवडत होतं, आणि म्हणूनच ते नापास झालं. या पुस्तकातल्या सगळ्या कसोट्यांची आजी म्हणून मी या बंदीकडे पाहतो.

अमेरिकेत मूझॅक कंपनीने हाच मामला शास्त्राच्या भाषेत मांडला. जॉर्ज स्क्वायर या लष्करी अधिकाऱ्याने तारेवरून संगीत पुरवण्याची कल्पना काढली, 1934 साली तिला हे नाव मिळालं. कार्यालयांसाठी त्यांनी पंधरा मिनिटांचे गट केले. प्रत्येक गटात ठेका हळूहळू चढत जायचा आणि मग पंधरा मिनिटं शांतता. ती शांतता मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आजच्या चार मिनिटांच्या कंपनी-फिल्ममध्ये चार सेकंदांचीही शांतता नसते.

आपल्याकडची वाट वेगळी होती. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या 1 नोव्हेंबर 1967 रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या 1976च्या जानेवारीत आल्या. तेव्हा तयार ट्रॅक उचलायची सोय जवळपास नव्हती. जिंगल मापाने शिवून घ्यावी लागे. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले, पॅरिसला नादिया बुलांझे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले, आणि इथे लिरिल साबणाची सुरावट केली. जाहिरातपट करणाऱ्या श्याम बेनेगलांनी 'अंकुर'साठी त्यांनाच बोलावलं. अशोक पत्कींनी जिंगल्सच्या स्टुडिओत जी वर्षं घालवली त्यांचा हिशेब त्यांच्या मालिकांच्या शीर्षकगीतांत दिसतो: दहा सेकंदांत चाल लोकांच्या तोंडी बसवायची कला. 15 ऑगस्ट 1988ला दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'शीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. ए. आर. रहमान 'रोजा'च्या आधी चेन्नईत जिंगल्स करत होते आणि 'रोजा'नंतर दहा वर्षांनी, 2002 साली, एअरटेलची धून त्यांनीच केली. या लोकांचं काम ऐकून एक गोष्ट लक्षात येते. त्यांना सेकंद माहीत होते. निवेदक कुठे बोलणार, पाकीट पडद्यावर कधी येणार हे समोर ठेवून त्यांनी सूर लिहिले. लायब्ररीचा ट्रॅक लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो कुणाच्याही फिल्मला चालेल असं लिहितो. त्याचा दोष नाही, पण मग मापं घेण्याची जबाबदारी निवडणाऱ्यावर येते, आणि निवडणाऱ्याने ती घेतलेली नसते.

आता त्या सुप्रसिद्ध 'कॉर्पोरेट' ट्रॅककडे वळू. तुम्ही तो ऐकलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. सुरुवातीला तळव्याने दाबून वाजवलेली गिटार, डिले लावलेली, टिकटिक करत जाणारी. मग पियानोचे चार स्वरसमूह, ज्यांचे पायाचे स्वर सा, प, ध, म. आठ बारनंतर (एक बार म्हणजे चार मात्रा) टाळ्या. सोळा बारनंतर दर मात्रेला पडणारा किक ड्रम. मग ग्लॉकनस्पीलची किणकिण, शेवटी व्हायोलिनांचा लोट आणि कुणीतरी गर्दीने म्हटलेलं 'ओ-ओ'. वेग मिनिटाला 110 ते 130 मात्रांच्या दरम्यान. युकुलेले आणि शीळ घातली की हाच ट्रॅक 'स्टार्ट-अप' होतो, ड्रम मोठे केले की 'एपिक'.

याला नावं ठेवणं सोपं आहे आणि मला ती ठेवायलाही आवडतात, पण तो इतका चालतो त्याला कारणं आहेत. सा-प-ध-म हा फेरा कुठेच पूर्ण संपत नाही, त्यामुळे तो कुठूनही कापता येतो आणि कुठेही जोडता येतो. सुरावट नसतेच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे निवेदनाशी स्पर्धा नाही. दर आठ बारला एक थर वाढतो, त्यामुळे फिल्ममध्ये काहीच घडत नसलं तरी काहीतरी घडतंय असं वाटतं. हा शेवटचा गुण धोक्याचाही आहे. गोडाउनच्या चित्रावर व्हायोलिनांचा लोट आला की प्रेक्षक पुढच्या दृश्यात काहीतरी भव्य शोधतो, आणि पुढचं दृश्य असतं फोर्कलिफ्टचं.

पारखेची पहिली आणि खरी जागा म्हणजे निवेदनाचा आवाज. माणसाचं बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार साधारण 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते; स, श, च, झ यांचं घर्षण त्याच्याही वर जातं. युकुलेलेचा झंकार, शेकर, टाळ्या, ग्लॉकनस्पील नेमके याच मजल्यावर राहतात. म्हणजे 'आनंदी' वाटण्यासाठी जी वाद्यं हमखास घातली जातात तीच शब्द खातात. त्यात मराठी निवेदनाची आणखी एक गोम आहे. मूळ स्क्रिप्ट इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्याच चित्रावर मराठी बसवायचं असतं, आणि मराठी वाक्य बहुतेक वेळा लांब होतं. मग निवेदक घाई करतो, शब्दांमधल्या जागा बुजतात, आणि इंग्रजी आवृत्तीत जो ट्रॅक सुखाने बसला होता तो मराठीत गर्दी करतो. चाकणच्या प्लांटवर मराठी आवृत्ती पाहणाऱ्या कामगाराला 'सुरक्षा चष्मा'तला 'चष्मा' ऐकू आला नाही तर फिल्मचा उपयोग काय?

उपाय फक्त आवाज खाली करणं हा नाही. निवेदनाखाली संगीत साधारण 15 ते 20 डेसिबल खाली ठेवतात, हे ठीक. पण चुकीचा ट्रॅक इतका खाली नेला की त्याचा पाया आणि सुरावट नाहीशी होते, उरते ती वरची खुळखुळ. तिला संगीत म्हणत नाहीत. म्हणून मी सांगेन, पहिली चाचणी अशी घ्या: निवेदनातला सर्वांत गर्दीचा परिच्छेद निवडा, आकडे आणि विशेषनामं असलेला. तो ट्रॅकवर ठेवा. स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला एकदाच ऐकवा, शक्यतो फोनच्या स्पीकरवर, आणि आकडे विचारा. फोनच्या इवल्या स्पीकरला खर्ज जवळजवळ नसतो, त्यामुळे स्टुडिओत ज्या किक ड्रमवर क्लायंट मान डोलावत होता तो तिथे गायब झालेला असतो. वार्षिक सभेसाठी हॉटेलच्या हॉलमध्ये दाखवायची फिल्म असेल तर उलटा त्रास: हॉल घुमतो आणि दर दुसऱ्या मात्रेवरची टाळी पुढच्या टाळीत मिसळते.

ट्रॅकची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. मोठ्याने वाजलेलं सरस वाटतं, हा कानाचा जुना दुबळेपणा आहे, आणि लायब्ररीतले नमुने त्याचा फायदा घेत ठासून मास्टर केलेले असतात. युरोपातल्या प्रसारकांनी 2010 साली आर-128 नावाचं मानक आणून सरासरी पातळी उणे 23 एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं हे एकक) आणली, ती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने ओरडणाऱ्या जाहिरातींना कंटाळूनच. समान पातळीवर आणलं की दहापैकी दोन-तीन ट्रॅकचा तोरा तिथल्या तिथे उतरतो.

दुसरी जागा लयीची. इथे मला जरा रमायचं आहे, कारण या हिशेबाकडे फार कमी लोक पाहतात. आपल्याकडचा टीव्हीचा व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा. 120च्या लयीत सेकंदाला दोन मात्रा, म्हणजे एका मात्रेला साडेबारा फ्रेम. अर्ध्या फ्रेमवर कट मारता येत नाही, त्यामुळे एक आड एक कट किंचित सरकतो. 100च्या लयीत मात्रेला 15 फ्रेम येतात, 125ला 12. सगळे कट मात्रेवर बसतात. फरक 20 मिलिसेकंदांचा असतो आणि साध्या दृश्यांत तो कुणाला कळणार नाही. पण प्रेस मशीनचा दट्ट्या आणि ड्रमचा ठोका एकत्र पडायचा असेल तर एडिटरच्या लक्षात येतं की काहीतरी चुकतंय आणि काय ते सापडत नाही.

याहून मोठा हिशेब लांबीचा. तीस सेकंदांच्या जाहिरातीत 120च्या लयीने 60 मात्रा होतात. सोळा मात्रांच्या तीनतालात मोजलं तर पावणेचार आवर्तनं. म्हणजे ट्रॅक तीस सेकंदांवर कापला की तो भरात असताना तुटतो, आणि एडिटर त्यावर फेड टाकून वेळ मारून नेतो. 128च्या लयीत बरोबर 64 मात्रा, चार पूर्ण आवर्तनं. कागदावर सुरेख. पण जिच्यावर शेवटचा ठोका पडायचा ती पुढची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येते तिसाव्या सेकंदाला, म्हणजे जाहिरात संपल्यावर. लोगो आला, ठोका नाही. खरं माप वेगळंच आहे: शेवटची सम 28व्या सेकंदाच्या आसपास हवी, म्हणजे तिचा नाद विरायला दीड-दोन सेकंद मिळतात आणि लोगो त्या नादात उभा राहतो. चार आवर्तनांसाठी ती लय 136च्या जवळ येते, तीन आवर्तनांसाठी 102च्या जवळ. तबला ऐकणाऱ्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. तिहाई घेऊन समेवर येण्याची सवय आपल्या कानाला आहे. समेवर न आलेली जाहिरात आपल्याला अर्धवट का वाटते, याचं उत्तर तिथेच आहे. लायब्ररीतून ट्रॅक घेताना म्हणूनच 30 आणि 15 सेकंदांच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत का, शेवट ठोक्याचा आहे की नुसता विरणारा, आणि वाद्यांचे स्टेम, म्हणजे एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक, वेगळे मिळतात का, हे आधी पाहावं. स्टेम मिळाले तर टाळ्या आणि ग्लॉकनस्पील बंद करता येतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

आनंदी संगीताने माल खपतो का? यावर संशोधन आहे आणि ते प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये सोयीने वापरलं जातं. 1982 साली जेराल्ड गॉर्न यांनी कॅनडात विद्यार्थ्यांना दोन रंगांच्या पेनांची चित्रं दाखवली, काहींना आवडत्या संगीतासोबत, काहींना नावडत्या. आवडत्या संगीतासोबत पाहिलेल्या रंगाचं पेन पाचांतल्या जवळजवळ चौघांनी उचललं. जाहिरातवाल्यांचा हा लाडका दाखला. त्यात आवडतं संगीत म्हणून 'ग्रीस' या सिनेमातलं निवडलं होतं, आणि नावडतं म्हणून भारतीय शास्त्रीय संगीत. हे सांगितलं की आपल्याकडच्या बैठकीत हशा होतो, पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. 'आनंदी' हा गुण ट्रॅकमध्ये नसतो, तो ऐकणाऱ्याच्या सवयीत असतो. त्याच वर्षी रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमध्ये संथ आणि जलद संगीत आलटून पालटून वाजवलं, तेव्हा विक्री वाढली ती संथ संगीताने, आणि वाढ 38 टक्क्यांची होती. लोक सावकाश चालले, जास्त वस्तू उचलल्या. तिसरा प्रयोग एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांचा, 1997 साली 'नेचर'मध्ये आलेला: ब्रिटनमधल्या दुकानात फ्रेंच संगीत लावलं की फ्रेंच वाइन जास्त जायची, जर्मन संगीत लावलं की जर्मन. संगीतामुळे आपण ती बाटली उचलली, हे गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांनी मान्य केलं. हे तिन्ही प्रयोग एकत्र ठेवले तर 'जलद आणि आनंदी म्हणजे परिणामकारक' हे समीकरण काही निघत नाही. निघतं ते एवढंच की संगीत आणि समोरची वस्तू यांचं जमलं पाहिजे.

आणि तिथेच आपल्या फिल्म सर्वांत जास्त घसरतात. मराठवाड्यातल्या गावात कंपनीच्या निधीतून नाला-खोलीकरण झालेलं असतं. एक बाई कॅमेऱ्याकडे न बघता टँकरच्या दिवसांबद्दल सांगत असते, आणि तिच्या बोलण्याखाली युकुलेले वाजत असते. ही फिल्म मी वेगवेगळ्या लोगोंखाली पाहिली आहे. अपघात टाळण्याच्या प्रशिक्षणात बोट गमावलेल्या माणसाचा प्रसंग येतो आणि ठेका तसाच चालू. हा कानाचा प्रश्न नाही, अकलेचा आहे. आनंद कमवावा लागतो. टँकरची गोष्ट संगीताविना जाऊ द्या, पाणी दिसल्यावर ठेका येऊ द्या, मग त्या ठेक्याला अर्थ राहील.

दुसरी घसरण 'इंडियन टच'ची. लायब्ररीत 'इंडिया' टाकलं की सतारीची एक मींड आणि खाली तबल्याचा लूप, पर्यटकांच्या बसमध्ये वाजावा तसा. औद्योगिक वसाहतीतल्या कास्टिंगच्या कारखान्याचा आणि त्या मींडेचा संबंध काय? इथल्या माणसाला उभारी देणारे नाद इथेच आहेत: हलगी, लेझीम, ताशाचा कडकडाट, संबळ. पण तेही डोळे झाकून वापरू नयेत. ताशा निवेदनाखाली ठेवला तर एक अक्षर कळणार नाही. त्याची जागा दोन वाक्यांच्या मधे. हलगीचे चार ठोके आणि शांतता, मग निवेदक बोलू दे. भूप किंवा हंसध्वनीसारख्या पाच स्वरांच्या रागातली एखादी मोकळी बासरी निवेदनाखाली चांगली राहते, कारण सुरांच्या मधे हवा असते. फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांसाठी विजय राघव राव यांनी केलेलं काम या दृष्टीने मिळेल तिथे ऐकावं. ते स्वतः बासरीवादक होते आणि कधी थांबायचं हे त्यांना कळत होतं.

एक शब्द रेफरन्स ट्रॅकबद्दल. एडिट करताना तात्पुरतं म्हणून टाकलेलं संगीत महिनाभर ऐकून सगळ्यांच्या अंगवळणी पडतं आणि नंतर दुसरं काहीच पटत नाही. स्टॅन्ली क्युब्रिकने '2001 : अ स्पेस ओडिसी'साठी ॲलेक्स नॉर्थ यांनी रचलेलं संपूर्ण संगीत बाजूला ठेवलं आणि एडिटमध्ये वापरलेल्या जुन्या अभिजात रचनाच कायम केल्या. क्युब्रिकला ते शोभलं. तुमच्या क्लायंटने एखाद्या हिंदी सिनेमातलं गाणं रेफरन्स म्हणून महिनाभर ऐकलं तर शेवटी त्याला तेच हवं असेल, आणि ते मिळणार नसेल. म्हणून पहिल्या कटवर संगीत टाकूच नका, किंवा टाकायचं तर परवाना मिळू शकेल असंच टाका.

परवान्यावर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, ते कंटाळवाणं आहे आणि ते वाचलंच पाहिजे. इथे फक्त चार ठिकाणची ठेच सांगतो. अमुक सेकंदांपर्यंत गाणं वापरलेलं चालतं, ही स्टुडिओंमधली समजूत निराधार आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. टायटनच्या जाहिरातींतली धून मोझार्टच्या 25व्या सिंफनीतली, तो 1791 साली गेला, त्याची रचना कुणीही वाजवावी. पण एखाद्या वाद्यवृंदाची आजकालची सीडी उचलून लावता येत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. तिसरी गोष्ट संगीतकाराकडून काम करून घेणाऱ्यांसाठी: 1957च्या कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी हवा, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुण्याच्या कंपनीने जर्मनीतल्या मालक कंपनीला फिल्म पाठवली की हा एक न लिहिलेला शब्द महाग पडतो. चौथी गोष्ट, 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे आणि सगळीकडे चालणारंही नव्हे. यूट्यूबसाठी घेतलेला परवाना टीव्हीवर चालतोच असं नाही.

यंत्राकडून संगीत करून घेण्याची सोय आता आली आहे. ती वापरू नका असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. पण बघा, अशा संगीतावर हक्क कुणाचा हे बऱ्याच देशांत अजून वादात आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने माणसाची निर्मिती नसलेल्या भागाला संरक्षण नाकारलं आहे, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी 2024च्या जूनमध्ये सुनो आणि उडिओ या सेवांवर दावे लावले. ज्या धुनेने आपला ब्रँड ओळखला जावा असं वाटतं ती अशी घेऊ नये. अंतर्गत सूचनेच्या व्हिडिओला चालेल. कानाचा निकाल मात्र वेगळा लावायला नको: यंत्राचा ट्रॅकही निवेदनाखाली ठेवूनच ऐकायचा, आणि तो बहुतेक वेळा त्याच टाळ्या आणि तीच ग्लॉकनस्पील घेऊन येतो, कारण तो त्याच ढिगावर पोसलेला आहे.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. घाईत असाल तर निवेदन आणि लांबी ही दोन आधी वाचा.

आणि कंपन्यांतल्या, एजन्सीतल्या मंडळींना एक विनंती आहे. फिल्मच्या कोटेशनमध्ये कॅमेरा, ड्रोन, मेकअप, जेवण यांना वेगवेगळे रकाने असतात, आणि संगीत 'पोस्ट-प्रॉडक्शन'च्या एका आकड्यात गुंडाळलेलं असतं. पुढच्या कोटेशनमध्ये 'संगीत व परवाना' हा रकाना वेगळा करा, आणि तो भरताना एकदा तरी आपल्या शहरातल्या एखाद्या संगीतकाराला फोन करून मापाने शिवून घ्यायचे किती होतील ते विचारा.